टेबलावरची आगगाडी

किल्लीची आगगाडी लहान मुलाच्या हातीं प्रथम पडते, तो प्रसंग आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. पत्र्याच्या रुळांचे वांकडे तुकडे एकमेकांत अडकवून फरशीवर एक वर्तुळ तयार होतें, किल्ली पिळली जाते आणि गाडी धांवूं लागते. पहिल्या दहा फेऱ्यांपर्यंत मुलाचा आनंद घरांत मावत नाहीं. अकराव्या फेरीला मात्र त्याच्या मनांत प्रश्न उभा राहतो कीं, ही गाडी जाते तरी कोठें? मग तें मूल उशीचा डोंगर करतें, दोन जाड पुस्तकें टेकवून बोगदा करतें, काड्यापेटीचें स्टेशन मांडतें, आणि गाडीला जावयास एक गांव मिळतें.

बहुतेक मुलें येथेंच थांबतात. चार दिवसांनीं गाडीची कमान तुटते, रूळ माळ्यावर जातात आणि मूल चेंडूफळीकडे वळतें. परंतु जगांत अशींहि कांहीं माणसें आहेत कीं, जीं या अकराव्या फेरीच्या प्रश्नापाशीं आयुष्यभर अडकून राहिलीं. केंस पांढरे झाले, नोकरीधंदा झाला, नातवंडें झालीं, तरी घराच्या माळ्यावर, तळघरांत किंवा बागेंतल्या खोपटांत त्यांची आगगाडी चालूच राहिली. या हौशी मंडळींचा इतिहास आज मला आपणांस थोडक्यांत सांगावयाचा आहे.

प्रौढ माणसानें खेळण्यांत जन्म घालवावा, हें कित्येकांस हास्यास्पद वाटेल. मलाहि प्रथम तसेंच वाटलें होतें. परंतु हा इतिहास जसजसा पाहत गेलों, तसतशी एक गोष्ट माझ्या ध्यानांत येत गेली. या मंडळींचीं इंजिनें सुबक होतीं, डोंगर हुबेहूब होते, हें खरेंच. पण त्यांची मोठी कमाई निराळीच आहे. एकमेकांस कधीं न पाहिलेल्या माणसांनीं एकाच मापाचे रूळ वापरण्याचें कबूल केलें, आणि तेव्हांपासून एकाची गाडी दुसऱ्याच्या घरीं धांवूं लागली. हा छंद दिसावयास एकान्तांतला. परंतु तो वाढला आणि टिकला तो देवाणघेवाणीवर. कसा तें आतां पाहूं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांतील दुकानांतून पितळी इंजिनें मिळत असत. पोटांत खरें पाणी, खालीं स्पिरिटचा दिवा आणि वर खरी वाफ, असा त्यांचा थाट असे. त्यांना रूळ नसत. इंजिन जमिनीवर ठेवावें आणि सोडून द्यावें; चाकें किंचित् तिरपीं बसविलेलीं असत, म्हणून तें गोल फिरत राही. फिरतां फिरतां सिलिंडरांतून पाणी ठिबके आणि गालिच्यावर ओली रेघ उमटे. त्यामुळें लोकांनीं त्यास 'ड्रिबलर', म्हणजे लाळ गाळणारें, असें नांव दिलें होतें. ज्यांच्या घरचा गालिचा महाग असे, त्यांना हें खेळणें फारसें रुचत नसावें!

या खेळण्याला रूळ मिळाले ते जर्मनींत, आणि तेहि बाहुलीच्या स्वयंपाकघरांतून. दक्षिण जर्मनींतील गॉपिंगेन गांवीं मेर्कलिन नांवाचा एक पत्र्याचें काम करणारा कारागीर राहत असे. १८५९ सालीं त्यानें बाहुलीघरांतील चुली आणि भांडीं बनविण्याचा धंदा काढला. त्याची पत्नी कॅरोलिन ही स्वतः गांवोगांव हिंडून तो माल विकी. स्त्रियांनीं व्यापारासाठीं एकट्यानें प्रवास करावा, असा तो काळ नव्हता. हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या बाईचें धाडस दिसून येतें. बाहुलीघराच्या धंद्यांत एक खुबी असते. मुलीला प्रथम चूल मिळते, पुढच्या नाताळांत तपेली, त्याच्या पुढच्या वर्षीं कढई. संसार एकदम होत नाहीं. तो वाढवीत न्यावा लागतो. हीच युक्ति मेर्कलिनच्या मुलांनीं आगगाडीला लावली.

१८९१ सालीं लाइपझिग येथील वसंत ऋतूच्या जत्रेंत त्यांनीं इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या रुळांवर धांवणारी किल्लीची गाडी मांडली. गाडीपेक्षांहि महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्यांनीं रुळांच्या रुंदीचीं ठराविक मापें ठरवून त्यांस क्रमांक दिले. आज इंजिन घेतलें, तर उद्यां घेतलेला डबा त्याच रुळांवर बसावा, परवां घेतलेला सांधा त्याच रुळांना जुळावा. क्रमांक एक, दोन, तीन असे चढत गेले. पुढें याहून लहान रूळ हवे झाले, तेव्हां एकाच्या आधींचा अंक म्हणून त्यांस शून्य म्हटलें. पुढें शून्य क्रमांकाच्याहि निम्म्या मापाचे रूळ निघाले, तेव्हां त्यांना 'अर्धा शून्य' म्हणूं लागले. शून्याचें अर्ध शून्यच, असें आपणांस शाळेंत शिकविलें आहे. परंतु या मंडळींच्या गणितांत त्याची किंमत साडेसोळा मिलिमीटर आहे! आज जगांतील बहुसंख्य हौशी लोकांच्या गाड्या याच अर्ध्या शून्यावर धांवतात.

आतां इंग्लंडकडे वळूं. नॉर्दम्प्टन गांवीं बॅसेट-लोक नांवाचा एक तरुण होता. त्याच्या घरचा धंदा बॉयलर बनविण्याचा. १९०० सालीं तो पॅरिसचें जागतिक प्रदर्शन पाहण्यास गेला. तेथें न्यूरेंबर्गच्या बिंग या कारखान्याचीं खेळणीं पाहून तो थक्क झाला. काम अत्यंत सफाईचें होतें; उणीव एवढीच कीं, तीं इंजिनें इंग्लंडांत धांवणाऱ्या कोणत्याहि इंजिनासारखीं दिसत नसत. त्यानें बिंगशीं करार केला. घडण जर्मनींत व्हावी, पण रूप इंग्लिश असावें, असें ठरलें. हेन्री ग्रीनली नांवाचा कुशल अभियंता आराखडे काढूं लागला, आणि टपालानें माल मागविण्यासाठीं सचित्र यादी घरोघर जाऊं लागली. खेळणें आणि नमुना यांच्यामधली सीमारेषा येथें ओलांडली गेली. खेळणें हें गाडीसारखें दिसलें म्हणजे पुरे. नमुना मात्र अमक्या कंपनीच्या, अमक्या वर्षींच्या, अमक्याच इंजिनासारखा असावा लागतो.

अशी चोखंदळ दृष्टि आली, कीं माणसाला सोबती हवासा वाटतो. आपण इंजिनाच्या बंबाला बरोबर तोच हिरवा रंग दिला आहे, हें घरांतल्या माणसांना सांगून काय उपयोग? तें जाणणारा दुसरा वेडा भेटावा लागतो. १९०९ सालीं ग्रीनलीनें या विषयाला वाहिलेलें मासिक सुरू केलें, आणि १९१० सालीं लंडनमध्यें 'मॉडेल रेल्वे क्लब' स्थापन झाला. या छंदाची ती जगांतील सर्वांत जुनी संस्था मानली जाते. १९६० सालापासून किंग्ज क्रॉस स्टेशनच्या आसपास तिची स्वतःची वास्तु आहे. तिनें भरविलेल्या प्रदर्शनांना लहानांबरोबर थोरांचीहि गर्दी लोटे. 'मुलाला दाखवावयास आणलें आहे' असें म्हणणारे वडील मुलापेक्षां अधिक वेळ टेबलापाशीं रेंगाळत असावेत, अशी मला दाट शंका आहे.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडांत जर्मन माल नकोसा झाला. लिव्हरपूलचा फ्रँक हॉर्नबी हा मेकॅनोचा जनक. १९०१ सालीं त्यानें भोंकें पाडलेल्या पट्ट्यांच्या त्या खेळाचें पेटंट घेतलें होतें. १९२० सालीं त्यानें किल्लीच्या आगगाड्या बाजारांत आणल्या, आणि मध्यम स्थितींतील इंग्लिश घरांत आगगाडी शिरली. हॉर्नबीची धंद्यांतली दृष्टि तीक्ष्ण होती. १९२८ सालीं त्याच्या कंपनीनें मुलांसाठीं 'हॉर्नबी रेल्वे कंपनी' नांवाचें एक मंडळच काढलें. सभासदाला बिल्ला मिळे, गांवोगांव शाखा निघत, आणि शाखेंतील मुलें आपापले रूळ एकत्र आणून लांबलचक मार्ग मांडीत. एकट्या मुलाचें वर्तुळ लहान. दहा मुलांचें मोठें. माल खपविण्याचा हेतु त्यांत होताच, परंतु दहा मुलांचे रूळ एकमेकांस जुळतात, ही गोष्ट लहान नाहीं.

ते नेहमींच जुळत असत असें मात्र नाहीं. अर्ध्या शून्याच्या रुळांचा हिशेब एक फुटाला साडेतीन मिलिमीटर असा होता. युरोप व अमेरिका येथील गाड्या मोठाल्या; त्यांना हें प्रमाण सोयीचें पडलें. ब्रिटिश गाड्या मुळांतच अरुंद व ठेंगण्या, कारण तेथील पूल आणि बोगदे फार आधीं बांधले गेले. त्या प्रमाणांत बनविलेल्या ब्रिटिश इंजिनाच्या पोटांत त्या काळची विजेची मोटर मावेना. मग कारखानदारांनीं एक तोड काढली. इंजिन फुटाला चार मिलिमीटर या मोठ्या प्रमाणानें करावें आणि रूळ मात्र तेच ठेवावे! १९३८ सालीं हॉर्नबीनें आपली टेबलावरची गाडी याच हिशेबानें काढली आणि ती तडजोड ब्रिटनमध्यें कायम झाली. खरा रूळ चार फूट साडेआठ इंच रुंद असतो. या नमुन्यांतला हिशेब करून पाहिला तर चार फूट दीड इंच भरतो. अंगरखा बापाचा आणि जोडा मुलाचा, असा तो प्रकार आहे.

ज्यांना हें खपेना, त्यांनीं कारखान्याचे रूळ टाकून दिले आणि स्वतःच्या हातांनीं अठरा मिलिमीटरांचे रूळ घालण्यास सुरुवात केली. पुढें १९६० नंतरच्या दशकांत आणखी कडवे लोक निघाले, त्यांनीं १८.८३ मिलिमीटर हें अचूक माप धरलें. दशांश चिन्हापुढच्या दोन आंकड्यांसाठीं माणसांनीं आपल्या सर्व इंजिनांचीं चाकें बदललीं. सत्याग्रह म्हणावा तो हा! परंतु त्यांतहि ते एकटे पडले नाहींत. चाकें कोणीं करावीं, रूळ कोणीं ठोकावे, सांधे कसे जुळवावे, याचीं त्यांनीं मंडळें काढलीं. कारण माप कितीहि अचूक असलें, तरी तें एकट्याचें असेल तर त्यावर एकच गाडी चालते.

ही गोष्ट सर्वांत आधीं आणि सर्वांत स्वच्छपणें ओळखली ती अमेरिकन लोकांनीं. तेथें मंदीचे दिवस होते. मिलवॉकी शहरांतील कॅल्मबाख नांवाच्या गृहस्थानें १९३४ च्या जानेवारींत 'मॉडेल रेलरोडर' हें मासिक काढलें. १९३५ सालीं त्याच शहरांत ठिकठिकाणचे हौशी लोक जमले आणि त्यांनीं राष्ट्रीय संघ स्थापन केला. आपण संघ स्थापन करतों तेव्हां आधीं घटना लिहितों, मग पदाधिकारी निवडतों, मग भांडतों. त्यांनींहि तें सर्व केलें असेल. पण त्यांच्यापुढें खरें काम चाकाच्या कडेचें होतें.

आगगाडीच्या चाकाला आंतल्या बाजूस एक कड असते. तीच गाडीला रुळांवर धरून ठेवते. सरळ मार्गावर ती कड थोडी जाड असली तरी चालतें. परंतु सांधा आला, म्हणजे एका मार्गाचा रूळ दुसऱ्या मार्गाच्या रुळाला छेदतो. तेथें कडेला जाण्यासाठीं अगदीं अरुंद फट ठेवलेली असते. कड जाड असेल तर ती अडते, दोन चाकांमधलें अंतर कमी असेल तर चाक भलत्याच बाजूला शिरतें, आणि गाडी घसरते. एकाच कारखान्याचें सर्व सामान असेल तर हा प्रश्न येत नाहीं. परंतु एकानें घरीं बनविलेला डबा दुसऱ्यानें घरीं घातलेल्या सांध्यावरून जावयाचा असेल तर काय करावें? संघानें मापें ठरविलीं आणि तीं सर्वांना तपासतां यावींत म्हणून धातूची एक लहानशी चपटी पट्टी काढली. तिच्या कडांना निरनिराळ्या खांचा असतात. एक खांच चाकांवर टेकवावी, दुसरी रुळांवर, तिसरी सांध्याच्या फटींत. बसली तर ठीक. न बसली तर दोष आपल्या कामांत आहे, असें समजावें. पोलीस नाहीं, दंड नाहीं, सक्ति नाहीं. खिशांत मावणाऱ्या एका पट्टीवर हजारों मैलांवरचीं माणसें एकमेकांशीं बांधलीं गेलीं. मोठमोठ्या परिषदांना जें साधत नाहीं, तें येथें साधलें. कारण ज्याला तें मान्य नसे त्याला कोणी शिक्षा करीत नसे, फक्त त्याची गाडी दुसऱ्याच्या घरीं चालत नसे.

याच देशांत या छंदानें एक अनपेक्षित कार्य केलें, तेंहि सांगण्याजोगें आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेंत १९४६ सालीं विद्यार्थ्यांनीं आगगाडीच्या नमुन्यांचा एक क्लब काढला. युद्धकाळांत घाईनें उभारलेल्या एका लांकडी इमारतींत त्यांना खोली मिळाली. थोड्याच काळांत सभासदांचे दोन तट पडले. कांहीं टेबलाच्या वर रमत. ते डोंगर करीत, डबे रंगवीत, स्टेशनांच्या पाट्या लिहीत. दुसरे टेबलाच्या खालीं रमत. गाडी ज्या भागांत शिरेल त्या भागाची वीज त्या गाडीच्या चालकाकडे आपोआप जावी, यासाठीं त्यांनीं टेलिफोन केंद्रांत वापरतात तशा रिलेंचें अजब जाळें टेबलाखालीं विणलें होतें. या दुसऱ्या तटाच्या मुलांनीं १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याच संस्थेंतील संगणकाकडे मोर्चा वळविला. रात्री-अपरात्रीं, यंत्र रिकामें मिळेल तेव्हां, ते त्यावर प्रयोग करीत. कुशल, चतुर जुळणीला ते आपल्या क्लबच्या बोलींत 'हॅक' म्हणत. तसें करणारा तो 'हॅकर'. आज वर्तमानपत्रांत हा शब्द चोराच्या अर्थीं येतो. त्याचें बाळपण मात्र खेळण्यांतल्या आगगाडीच्या टेबलाखालीं गेलें आहे. स्वतः जुळविलेली युक्ति दुसऱ्यापासून लपवूं नये, तिच्यावर दुसऱ्यानें आणखी सुधारणा करावी, हा दंडक त्यांनीं संगणकाच्या जगांतहि नेला.

आतां मापांची गोष्ट पुरे. कांहीं माणसांची गोष्ट सांगतों.

लंडनचे जॉन ॲहर्न यांनीं १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस 'मॅडर व्हॅली' नांवाची एक काल्पनिक रेल्वे बांधावयास घेतली. तोंवर बहुतेकांचें लक्ष गाडीवर असे. भोंवतालचा प्रदेश म्हणजे भिंतीवरचें एक चित्र. ॲहर्ननीं ही दृष्टि उलटी केली. त्यांच्या मांडणींत गांव आधीं आणि गाडी नंतर. बंदर, गिरणी, चढणीचे रस्ते, खऱ्या गांवांत पाहून ठेवलेल्या इमारती, आणि त्यांतून वाट काढीत जाणारी लहानशी गाडी. हें सर्व कसें करावें, यावर त्यांनीं पुस्तकें लिहिलीं. कांहीं झांकून ठेवलें नाहीं.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियांतून इंग्लंडांत आलेला रॉय इंग्लंड नांवाचा तरुण ऑक्सफर्डच्या आसपासच्या खेड्यांतून हिंडत होता. १९२५ सालीं तो आला तेव्हां त्या खोऱ्यांतलीं गवती छपराचीं जुनीं घरें पाहून तो मोहून गेला. परंतु पाहतां पाहतां तीं घरें पडूं लागलीं, छपरें बदलूं लागलीं. तीं वांचविणें त्याच्या हातीं नव्हतें. म्हणून त्यानें तीं मोजलीं, त्यांची छायाचित्रें घेतलीं, आणि फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणांत पुठ्ठ्याचीं बनविण्यास आरंभ केला. एकेका घराला शेंकडों तास लागत. परसांतली भाजी वेगवेगळी ओळखूं यावी, इतकी बारकाई त्यांत आहे. १९५४ सालीं लाँग विटनम या खेड्यांत त्याचें पेंडन संग्रहालय सुरू झालें. तो १९९५ सालीं निवर्तला. परंतु त्याच्या हाताखालीं तयार झालेल्या स्वयंसेवकांनीं काम पुढें चालविलें. ॲहर्न यांच्या मृत्यूनंतर त्यांची मॅडर व्हॅलीहि याच संग्रहालयाच्या आश्रयास आली. खरीं घरें गेलीं, पुठ्ठ्याचीं राहिलीं.

तिसरे गृहस्थ रेव्हरंड पीटर डेनी. हे धर्मोपदेशक. महायुद्धानंतर त्यांनीं 'बकिंगहॅम' नांवाची मांडणी केली. त्यांच्या घरीं गाड्या वेळापत्रकाप्रमाणें सुटत, आणि एका स्टेशनाहून दुसऱ्या स्टेशनास घंटीच्या खुणेनें खबर दिल्याशिवाय गाडी हालत नसे. एक स्टेशन वडिलांकडे, दुसरें मुलाकडे. मुलाचें नांव क्रिस्पिन. हा क्रिस्पिन हाताशीं नसला म्हणजे काय करावें? डेनींनीं एक यंत्र तयार केलें. तें पलीकडच्या स्टेशनांत बसून घंटीला घंटीनें उत्तर देई, गाडी घेई आणि वेळेवर सोडी. त्या यंत्राला त्यांनीं नांव दिलें 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन'. ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हां मला हंसूं आलें, आणि मग थोडें गप्प व्हावें लागलें. घरांतला मुलगा जागेवर नाहीं, म्हणून गाडी बंद ठेवणें बापाला सहज शक्य होतें. त्यानें मुलाची जागा यंत्रानें भरली, पण नांव मुलाचेंच ठेवलें. डेनी २००९ सालीं वारले. त्यांची मांडणी दुसऱ्या एका हौशी माणसानें आपल्याकडे नेली आणि तिच्यावर गाड्या चालू ठेवल्या.

याच्या उलट दैव जॉन ॲलन यांचें. कॅलिफोर्नियांत माँटेरे येथें राहणारे हे छायाचित्रकार. त्यांच्या मांडणींतले डोंगर जमिनीपासून छतापर्यंत गेलेले, दऱ्यांवरून पूल, डब्यांना गंज, भिंतींना ओल, जुन्या लांकडाला पडलेला करडा रंग. वस्तु जुनी कशी दिसावी, हें त्यांनीं जगाला शिकविलें. विनोदहि होता: यार्डांत डबे ढकलावयास इंजिनाऐवजीं एक प्राचीन काळचा अजस्र सरडा उभा असे. सुमारें पंचवीस वर्षें हें काम चाललें. १९७३ च्या जानेवारींत ॲलन हृदयविकारानें वारले. त्यानंतर दहा दिवसांनीं घराला आग लागली आणि मांडणीचा बहुतेक भाग जळून गेला. जें राहिलें तें त्यांनीं स्वतः काढलेल्या छायाचित्रांत आणि मासिकांतल्या लेखांत. म्हणजे जेवढें त्यांनीं दुसऱ्यांस आधीं देऊन ठेवलें होतें, तेवढेंच अग्नीच्या हातीं लागलें नाहीं. आणि तें थोडें नव्हतें. ज्यांनीं ती मांडणी कधीं डोळ्यांनीं पाहिली नाहीं, अशा कित्येकांनीं तीं चित्रें पुढें ठेवून आपले डोंगर उभे केले.

त्याच सुमारास अमेरिकेंत एक नवी कल्पना रुजूं लागली. अर्ध्या शून्याहूनहि लहान, नऊ मिलिमीटर रुंदीचे रूळ तोंवर प्रचारांत आले होते. कांहीं मंडळींनीं ठरविलें कीं, प्रत्येकानें घरीं केवळ चार फूट लांबीचा एक तुकडा करावा. त्यावर वाटेल तें मांडावें: शेत, कारखाना, वाळवंट, बाजार. अट एकच. तुकड्याच्या दोन्ही टोकांना तीन रूळमार्ग ठराविक जागींच यावे. वर्षांतून एकदां एखाद्या सभागृहांत सर्वांनीं आपापले तुकडे आणावे आणि जोडावे. मग एकाच्या वाळवंटांतून सुटलेली गाडी दुसऱ्याच्या बाजारांतून जाऊन तिसऱ्याच्या शेतांत शिरते. मधलें सर्व ज्याचें त्याचें. टोकें मात्र सर्वांचीं. शेजारधर्माची याहून सोपी व्याख्या माझ्या पाहण्यांत नाहीं.

आपल्याकडे हा छंद महाग पडतो. घरें लहान, आणि सामान बहुधा परदेशीं. तरी महाराष्ट्र अगदींच मागें राहिला नाहीं. पुण्यास कोथरूड भागांत १ एप्रिल १९९८ रोजीं जोशी यांचें लघु रेल्वे संग्रहालय उघडलें. भाऊ जोशी यांनीं छंद म्हणून जें जमविलें, तें घराच्या दाराआड न ठेवतां लोकांपुढें मांडलें. मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या प्रमाणांत तेथें एक आख्खें शहर उभें आहे, आणि त्यांतून गाड्या धांवतात.

आपल्या देशांतील गाड्यांचे नमुने करूं पाहणाऱ्याला आणखी एक अडचण असते, आणि ती ऐकली म्हणजे इंग्लंडची गोष्ट आठवते. लॉर्ड डलहौसीच्या काळीं आपल्या रुळांची रुंदी साडेपांच फूट ठरली, आणि १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली पहिली गाडी त्याच रुळांवरून गेली. सत्त्याऐंशीव्या हिश्श्यानें त्या रुळांची रुंदी सव्वाएकोणीस मिलिमीटर भरते. बाजारांत मिळणारे रूळ साडेसोळांचे! म्हणजे डेक्कन क्वीनचा नमुना बाजारच्या रुळांवर उभा केला, तर रूळ पावणेतीन मिलिमीटरांनीं अरुंद पडतात. अचूक रूळ घालावे तर आपली गाडी आपल्याच घरांत कोंडली जाते. जगाचे रूळ घ्यावे तर आपल्या गाडीशीं थोडी प्रतारणा होते. यांतलें कोणतें बरें, हा वाद इंग्लंडांत कित्येक दशकें चालला. आपल्याकडील मंडळींना तो आपसांत बसून सोडवावा लागेल. पण तो एकट्यानें सुटणारा नाहीं, एवढें या इतिहासावरून सांगतां येतें.

तेव्हां श्रोतेहो, आपल्या घरीं एखादा मुलगा किंवा मुलगी फरशीवर रूळ मांडून बसली असेल, आणि अकराव्या फेरीनंतर कंटाळलेली दिसली, तर नवा डबा विकत आणण्याची घाई करूं नये. शेजारच्या मुलाला त्याचे रूळ घेऊन बोलवावें. दोघांचे रूळ एकमेकांत बसतात कीं नाहीं, हें त्यांचें त्यांना पाहूं द्यावें. आणि बसत नसतील, तर ते कसे बसवावे याचा खल करतांना त्यांना जेवावयास दोनदां हांक मारावी लागली, तरी रागावूं नये.